पुढच्या आजारपणाची तयारी: अपंगत्वासह जगणाऱ्यांनी काय, कसं आणि कुणासाठी लिहून ठेवावं

रात्री दीडच्या सुमारास मी तातडीच्या विभागात स्ट्रेचरवर होते. डोकं फुटेल असं दुखत होतं, चेहरा लाल, मानेला दरदरून घाम. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. १३५/८५. "ठीक आहे, घाबरू नका," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. एरवी तो आकडा ठीकच म्हणायचा. पण माझ्या मज्जारज्जूला मानेत दुखापत झालेली आहे आणि माझा रोजचा रक्तदाब ९५/६० च्या आसपास असतो. त्या शरीरात १३५ म्हणजे धोक्याची घंटा. भावाने पांघरूण बाजूला केलं, तर लघवीच्या कॅथेटरची नळी माझ्याच मांडीखाली दुमडली होती. त्याने ती सरळ केली, लघवी पिशवीत उतरली आणि थोड्याच वेळात डोकं शांत झालं.

भाऊ सोबत नसता तर हे सांगायला माझ्याजवळ काहीही नव्हतं, आणि त्या डोकेदुखीत मला धड बोलताही येत नव्हतं. त्या आठवड्यात मी पहिला कागद लिहिला.

पुढच्या उपचारांचं नियोजन म्हटलं की लोकांना थेट शेवटचा प्रसंग आठवतो. व्हेंटिलेटर लावायचा का, कधी थांबायचं. तो प्रश्न येतो, पण बराच नंतर. आधी अनोळखी डॉक्टरला हे कळायला हवं की समोरचं माणूस आजारी किती आहे आणि नेहमीसारखं किती. म्हणून या लेखाचा क्रम तुम्हाला थोडा उलटा वाटेल.

पायरी १ : नेहमीचा दिवस लिहून काढा

एका पानावर तुमचा बरा दिवस उतरवा. रोजचा रक्तदाब, नाडी, ऑक्सिजनची पातळी, वजन. बोलणं कसं असतं, स्पष्ट की अडखळत. काय हलवता येतं, काय नाही. जेवण कसं होतं, गिळताना मान कशी धरावी लागते, पाणी घट्ट करून द्यावं लागतं का. झोपताना श्वासाचं मशीन लागतं का. झटके येत असतील तर किती वेळाने, कसे आणि किती वेळ टिकतात.

हे एवढं बारीक कशाला? कारण डॉक्टरमंडळींमध्ये एक चूक इतकी सर्रास होते की वैद्यकशास्त्रात तिला स्वतंत्र नाव आहे. मराठीत तिला अपंगत्वाची सावली म्हणता येईल. नवं लक्षण जुन्या अपंगत्वाच्या खात्यावर टाकलं जातं. सेरेब्रल पाल्सी असलेला माणूस दोन दिवस अंथरुणातून उठत नाही, तर "त्याचं तसंच असतं". बौद्धिक अपंगत्व असलेली मुलगी डोकं आपटून घ्यायला लागते, तर "वागणुकीचा प्रश्न" आणि खरं कारण असतं दाढेतलं गळू किंवा कानातला पू. उलटही होतं. जन्मापासून असलेली अस्पष्ट बोली ऐकून कुणी पक्षाघाताच्या तपासण्या सुरू करतं. दोन्हींवर उपाय एकच, नेहमीचं काय ते लेखी असणं.

जी व्यक्ती शब्दांनी बोलत नाही तिच्यासाठी या पानाचा निम्मा भाग वेदनेवर खर्च करा. दुखतं तेव्हा ती काय करते? गप्प होते, की हसते? (काही जण वेदनेत हसतात, आणि अनोळखी नर्सला वाटतं स्वारी मजेत आहे.) भूक लागल्यावरचा आवाज आणि पोट दुखतानाचा आवाज यांत फरक काय? हो आणि नाही कसं सांगते, डोळ्यांनी, हाताने, मान वळवून? घरच्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायला बसल्यावर शब्द सापडत नाहीत. मग एक सोपा मार्ग आहे. बऱ्या दिवशी फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, उठणं-बसणं, खाणं, हसणं, हाकेला ओ देणं. तातडीच्या विभागात पाच पानं कुणी वाचत नाही, पण "ही परवा अशी होती" म्हणून फोन पुढे धरला तर डॉक्टर बघतात.

पायरी २ : "हे करू नका" असं एक पान

हे पान तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांबरोबर बसूनच करा आणि त्यावर त्यांची सही घ्या. पेशंटने सांगितलेला धोका आणि डॉक्टरने सहीनिशी लिहिलेला धोका यांना सारखं वजन मिळत नाही. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे.

पानावर काय येईल ते ज्याच्या त्याच्या अपंगत्वावर. काही उदाहरणं देते, म्हणजे अंदाज येईल.

मज्जारज्जूची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल तर माझ्यासारखा रक्तदाब एकाएकी उसळू शकतो. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वर गेलेला वरचा आकडा हीच खूण. अशा वेळी माणसाला आडवं न ठेवता बसतं करायचं, कपडे सैल करायचे, आधी मूत्राशय आणि मग गुदाशय तपासायचं. दुर्लक्ष झालं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

स्नायूंच्या आजारात श्वासाचे स्नायू थकलेले असतात. ऑक्सिजन कमी दिसला म्हणून नुसताच ऑक्सिजन लावत राहिलं तर आकडा सुधारतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. अशा माणसाला श्वासाला दाब देणारं मशीन लागतं. ड्यूशेन प्रकारच्या स्नायुक्षयात भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय बंद पडू शकतं. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरही, पहिले काही दिवस सोडले तर, हाच धोका असतो.

जन्मतः पाठीच्या कण्याचा दोष, म्हणजे स्पायना बिफिडा, असलेल्या बऱ्याच जणांना लेटेक्सची ॲलर्जी असते, म्हणजे नेहमीचे रबरी हातमोजेसुद्धा धोक्याचे. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, त्यामुळे भुलेसाठी नळी घालताना मान जपून हलवावी लागते. पोटात बॅक्लोफेनचा (स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचा) पंप बसवलेला असेल तर तो कधी भरायचा ती तारीख या पानावर ठळक हवी. हे औषध अचानक तुटलं तर प्रचंड ताप, झटके, भ्रम असं सगळं होऊन जीवावर बेतू शकतं. मेंदूतलं पाणी उतरवणारी शंट असेल तर उलट्या आणि डोकेदुखी "पित्त झालंय" म्हणून सोडायची नाही. अपस्मारात एरवी दोन मिनिटांत थांबणारा झटका पाच मिनिटांवर गेला तर कुठलं औषध, किती आणि कसं, हेही इथेच.

पान एकच ठेवा. दोन झाली की दुसरं कुणी वाचत नाही.

पायरी ३ : पुढे काय येऊ शकतं ते विचारून घ्या

अपंगत्वाचं निदान झालं की डॉक्टर त्या वेळचं सांगतात. वीस वर्षांनी काय, हे आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा एक वेगळी भेट ठरवा, कुठलीही तक्रार न घेता फक्त हाच प्रश्न घेऊन. "पुढच्या पाच-दहा वर्षांत माझ्या शरीरात काय बदलण्याची शक्यता आहे? कुठली गोष्ट लवकर केली तर सोपी जाईल आणि उशीर झाला तर हातची जाईल?"

या दुसऱ्या प्रश्नात खरी गोम आहे. मोटर न्यूरॉन आजारात (यात स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात) पोटातून अन्न देणारी नळी बसवायची असेल तर फुप्फुसांची क्षमता अपेक्षितपेक्षा निम्म्याच्या खाली जायच्या आत बसवलेली बरी, कारण नंतर ती प्रक्रियाच जोखमीची होते. म्हणजे नळी हवी का, हा निर्णय भूक आणि गिळणं ठीक असतानाच घ्यावा लागतो. तसंच आवाजाचं. वाचा जाण्याची शक्यता असेल तर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला की पुढे बोलणाऱ्या यंत्राला तोच देता येतो. पण त्यासाठी आवाज शाबूत असताना बसावं लागतं.

बाकी बदल हळू येतात. वर्षानुवर्षं व्हीलचेअर ढकलून खांदे झिजतात. पोलिओ झालेल्यांना काही दशकांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो. सेरेब्रल पाल्सीत चालणारी काही माणसं मध्यमवयात चालणं गमावू लागतात. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर्स लवकर गाठतो, कारण मेंदूत साचणाऱ्या त्या प्रथिनाचं जनुक २१ व्या गुणसूत्रावरच आहे आणि इथे ते गुणसूत्र एक जास्त असतं. चाळिशीच्या आतच स्मरणशक्तीची एकदा नोंद करून ठेवली तर नंतरची घसरण मोजता येते. मूत्राशयावर ताबा नसेल तर किडनीची तपासणी नियमित हवी.

आणि साध्या तपासण्या! स्तनांची, गर्भाशयमुखाची, दातांची, हाडांच्या घनतेची. तपासणीचं टेबल उंच आहे, मशीनपुढे उभं राहता येत नाही, म्हणून या वर्षानुवर्षं राहून जातात. यादी करून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.

पायरी ४ : तुमच्या वतीने कोण बोलणार

तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा कुणी बोलावं, हे ठरवताना सगळ्यात जास्त माया कुणाची, हा निकष लावू नका. जास्त मायेचं माणूस आयसीयूच्या दारात कोसळतं. जो तुमच्याशी सहमत नसतानाही तुमचंच म्हणणं सांगेल, मोठ्या डॉक्टरला "एक मिनिट थांबा, मला समजलं नाही" म्हणू शकेल आणि रात्री फोन उचलेल, असा कुणीतरी शोधा. नाव दुसऱ्या क्रमांकाचंही लिहा. आई-वडीलच सगळं करत असतील तर त्यांचंही वय होतंय, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. पुढच्या पिढीतलं एखादं माणूस आत्तापासून डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्यायला लागा.

माणूस ठरलं की त्याची परीक्षा घ्या. दोन-तीन प्रसंग रंगवून विचारा, "मी इथे काय म्हटलं असतं?" माझ्या भावाने पहिल्या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं. त्याने त्याला माझ्यासाठी काय हवंय ते सांगितलं. ती संध्याकाळ जरा तापली, पण खरी कामाची तीच ठरली.

पगारावर काळजी घेणारी व्यक्ती किंवा तुमच्यावर उपचार करणारे डॉक्टर यांना ही भूमिका देऊ नये. कितीतरी ठिकाणी कायदाच तशी मनाई करतो.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीबद्दल मात्र "तिला काय कळतंय" असं म्हणून थेट कुणाची तरी नेमणूक करण्याची घाई होते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं १२ वं कलम सांगतं की कायद्यापुढे त्यांची निर्णयक्षमता इतरांइतकीच मानावी आणि ती वापरण्यासाठी लागेल तो आधार द्यावा. व्यवहारात याचा अर्थ असा. प्रश्न छोटा करा, चित्रं दाखवा, ज्या वेळी ती ताजीतवानी असते त्या वेळी विचारा आणि तोच प्रश्न दोन दिवसांनी उलटा करून विचारा. "दवाखान्यात राहायचं का?" ला हो आणि "घरी राहायचं का?" लाही हो आलं, तर ते उत्तर नव्हे, ती आपल्याला खूश करतेय. सगळं कळलं नाही तरी काही कळतं. सुई कुठल्या हाताला टोचावी, रात्री जवळ कोण असावं, कुठल्या खोलीत भीती वाटते, हे सांगणारं माणूस स्वतःच्या नियोजनात सामील असतं.

पायरी ५ : काय हवं आणि काय नको

आता तो अवघड भाग. बाजारात मिळणारे नमुने बहुतेक "नको"ची यादी करायला लावतात. अपंग माणसाने "हवं"ची यादी तितक्याच ठामपणे लिहिली पाहिजे, कारण धोका दोन्हीकडून आहे.

एक घडलेली गोष्ट सांगते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने अतिदक्षता उपचार कुणाला द्यायचे ते ठरवताना अशक्तपणाची नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी वापरायला सांगितली. रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेला माणूस त्या पट्टीवर आपोआप अतिअशक्त ठरत होता, मग तो तिशीतला आणि ठणठणीत का असेना. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच दुरुस्ती झाली. ६५ पेक्षा लहान व्यक्ती आणि सेरेब्रल पाल्सीसारखं स्थिर, दीर्घकाळचं अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ही मोजपट्टी वापरू नये, असं स्पष्ट करावं लागलं. म्हणजे ती पट्टी तयार करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतानाही "मदत लागते" आणि "वाचणार नाही" यांची गल्लत झाली होती.

दुसरी गल्लत आयुष्याच्या गोडीबद्दल. १९९९ मध्ये आल्ब्रेख्त आणि डेव्लिगर या संशोधकांच्या अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते खरं वाटत नाही. तातडीच्या विभागातला डॉक्टर बाहेरूनच बघत असतो.

म्हणून पहिला परिच्छेद असा काहीसा लिहा: "मी रोज व्हेंटिलेटर वापरते. त्यावर मी काम करते, भांडते, सिनेमा बघते. हे यंत्र माझ्यासाठी चष्म्यासारखं आहे, शेवटचा उपाय नाही. न्यूमोनिया झाल्यास संपूर्ण उपचार हवेत." तुमच्या शब्दांत, तुमच्या यंत्राबद्दल. हक्कांच्या त्याच कराराचं २५ वं कलम अपंगत्वाच्या कारणाने उपचार, अन्न किंवा पाणी नाकारण्याला मज्जाव करतं, हेही एका ओळीत घालायला हरकत नाही.

मग "नको". इथे उपचारांची नावं लिहिण्यापेक्षा अवस्था लिहा. कुठली अवस्था तुम्हाला असह्य वाटेल? कुणालाही ओळखता येणार नाही आणि ते परत येण्याची शक्यता नाही, ही? की यातना आटोक्यात येत नाहीत, ही? आणि "हो" व "नाही" यांच्या मधली जागा विसरू नका. ठरावीक मुदतीचा प्रयत्न मागता येतो. अमुक दिवस व्हेंटिलेटर लावा, तमुक सुधारणा दिसली नाही तर पुन्हा बोलू. वेदनाशमन मात्र कुठल्याही परिस्थितीत हवं, हे वेगळं लिहा. नाहीतर "उपचार नकोत"मध्ये तेही गुंडाळलं जातं.

दोन सावधगिऱ्या. अपघात किंवा निदान ताजं असताना कायमचे "नको" लिहू नका, त्या महिन्यांत आपण अजून जुन्याच शरीरात जगत असतो. आणि "मला कुणावर ओझं व्हायचं नाही" हे वाक्य लेखणीतून उतरलं तर थांबा. त्याच्या खाली बहुतेक वेळा उपचारांबद्दलची इच्छा नसतेच. पैशांची काळजी असते, मदतनीस मिळत नसतो किंवा घरात कुणी काही बोललेलं असतं. आधी ते सोडवता येतंय का बघा.

पायरी ६ : सह्या

उपचारांबद्दलचं इच्छापत्र, प्रतिनिधीची नेमणूक आणि हृदय बंद पडल्यास काय करायचं याचा डॉक्टरांचा आदेश, असे साधारण तीन वेगळे कागद असतात. साक्षीदार किती, नोंदणी लागते का, हे देशागणिक बदलतं, ते वकील किंवा रुग्णालयाच्या समाजसेवकाकडून समजून घ्या. सही करता येत नसेल तर अंगठा किंवा अन्य खूण कशी ग्राह्य धरतात, ते आधी विचारा. हृदयाच्या आदेशावर तुमच्याशी न बोलता सही झाली असेल तर हरकत घ्या. कारणाच्या रकान्यात नुसतं तुमच्या अपंगत्वाचं नाव असेल तरीही घ्या.

पायरी ७ : भरतीची पिशवी

पिशवी भरून दाराजवळ ठेवा. स्वतःच्या मशीनचा मास्क, चार्जर, संवादाचा तक्ता किंवा टॅबलेट, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कॅथेटर, बसायची गादी. संवेदना नसलेल्या शरीराला कडक स्ट्रेचरवर काही तासांतच जखम सुरू होऊ शकते, म्हणून "कूस बदला, किती वेळाने आणि कशी" हा कागद पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. नेहमीचा मदतनीस भेटीच्या वेळेबाहेरही सोबत राहील, हे डॉक्टरांकडून आधीच लेखी घेता आलं तर उत्तम. कर्णबधिर व्यक्तीसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी मागा. ते काम घरच्यांवर टाकू नका, वाईट बातमी सांगताना घरचे दुभाषे वाक्यं गाळतात.

आजारी तुम्ही न पडता तुमची काळजी घेणारी व्यक्ती पडली तर? पहिल्या ४८ तासांसाठी कुणाला बोलवायचं आणि त्यांना किल्ली, औषधं, उचलण्याची पद्धत कुठे सापडेल, हे एका चिठ्ठीवर असू द्या. माझ्या पाहण्यात ही चिठ्ठी नसल्यामुळे चांगल्याभल्या माणसाला रुग्णालयात भरती व्हावं लागलंय.

पायरी ८ : कागद कुठे आणि कधीपर्यंत

कपाटात कुलूप लावून ठेवलेला कागद नसल्यातच जमा. एक प्रत पिशवीत, एक प्रतिनिधीकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांच्या फायलीत, फोटो फोनमध्ये. पाकिटात फक्त दोन ओळींची चिठ्ठी, प्रतिनिधीचा नंबर आणि सगळ्यात मोठा धोका. वाढदिवसाला दरवर्षी एकदा उघडायचा. शिवाय मोठं आजारपण, नवं यंत्र, प्रतिनिधीशी बिनसणं किंवा घर बदलणं झालं तरीही. प्रत्येक पानावर तारीख टाका आणि जुन्या प्रती गोळा करून फाडा, कारण दोन वेगळ्या तारखांचे कागद सापडले की भांडण ठरलेलं.

माझ्याकडे आत्ता सातवी प्रत आहे. पहिली लिहिली तेव्हा अपघाताला जेमतेम आठ महिने झाले होते आणि व्हेंटिलेटरपुढे मी ठसठशीत "नको" लिहिलं होतं. चौथीत ते "१० दिवस करून बघा" झालं. सातवीत लिहिलंय: "२१ दिवस. गळ्याला छिद्र पाडावं लागलं तरी चालेल, पण त्यानंतर मी बोलणार कशी, ते भावाला आधी सांगा."